चार टायरांची खांदमळणी

मागच्या वर्षी माझ्या भावाचा खांदा मोडला, त्याला दोघं जबाबदार होते. एक लोखंडी खांब आणि दुसरा मी. खांबाला नंतर पिवळा रंग दिला. मला कुणी काही केलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

कडूबा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. सोमवार ते शनिवार वाळूजच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमधले दोष काढतो आणि रविवारी जुनी झेन गाडी पळवतो. या पळवण्याला ऑटोक्रॉस म्हणतात. एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे लाल शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेका गाडीनं जीव खाऊन वळणं घ्यायची. ज्याला सगळ्यात कमी सेकंद लागले तो जिंकला. जिंकणाऱ्याला ट्रॉफी, हरणाऱ्याला वडापाव. खरं तर वडापाव जिंकणाऱ्यालाही मिळतो, त्यामुळे हरल्याचं फार जाणवत नाही.

मागच्या वर्षी टायर झिजलेले होते. कडूभाऊनं सुरुवातीच्या रेषेवर काच खाली करून मला विचारलं होतं, "चालतील का रे?" मी म्हणालो, "चालतील." ते चालले नाहीत, घसरले. भावाच्या डाव्या खांद्यात आता एक पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, पुन्हा तिथंच मार बसला तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. त्यावर भाऊ म्हणाला होता, "स्टेअरिंग खांद्याच्या खालीच असतं डॉक्टर."

म्हणून या वर्षी टायर आणायची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. चांगले, शर्यतीचेच टायर. त्यांचं रबर मऊ असतं, थोडं तापलं की डांबराला चिकटतं, गाडी वळणात सुटत नाही. मोबाइलवर शोधता शोधता दक्षिणेतला एक दुकानदार सापडला. 'शेवटचा सेट, सत्तर टक्के सूट.' फोटोत टायर काळेभोर, नुकतंच तेल लावून भांग पाडल्यासारखे. सत्तर टक्के सूट कोण आणि का देतो, हा प्रश्न मला पडला नाही. दुसरा कुणीतरी सेट उचलेल, एवढीच घाई होती.

पत्त्यात मी सवयीनं जुनंच औरंगाबाद लिहिलं, आणि पिनकोडचा एक आकडा चुकवला. टायर बिहारमधल्या औरंगाबादला गेले. तिथं आठवडाभर राहिले. मग कुणाला तरी दया आली आणि शुक्रवारी संध्याकाळी उस्मानपुऱ्यात आमच्या दारात उतरले. स्पर्धा रविवारी होती. परत पाठवायला वेळ नव्हता, आणि तेव्हा परत पाठवावेत असं काही वाटतही नव्हतं.

त्याच रविवारी पोळा होता.

आबा, म्हणजे आमचे वडील रामकिसन, पत्र्याच्या शेडमध्ये आले आणि टायरांभोवती एक चक्कर मारली. आबांनी देवगाव रंगारीला चाळीस वर्षं शेती केली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला, तेव्हा जमीन चुलतभावाकडे दिली, शेवटची बैलजोडी ओळखीच्या घरी दिली आणि आईला घेऊन आमच्याकडे राहायला आले. मागच्या पोळ्याला ते गावी जाऊन दुसऱ्याच्या बैलांना गोंजारून आले होते. या वर्षी त्या माणसानंही ट्रॅक्टर घेतला.

आबांनी विचारलं, "दात पाह्यले का?"

"कुणाचे?"

"यांचे."

"आबा, टायरला दात नसतात," मी म्हणालो.

कडूभाऊ हसला. आबा हसले नाहीत. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात मोजल्याशिवाय त्यांनी आयुष्यात दावं हातात धरलं नाही. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे का पार उतरलाय, ते दात सांगतात. विकणारा काहीही सांगतो.

"फोटू पाहून घेतले म्हन्तो," आबा आईला म्हणाले. "यानं बायको बी अशीच आनली म्हंजे?"

आई म्हणाली, "आनली तर खरी."

शनिवारी सकाळी मी टायर बसवायला सांडूकडे नेले. सांडूचं पंक्चरचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. त्यानं पहिला टायर उचलला, फिरवला, आणि ठेवून दिला.

"त्रिंबकभाऊ, हे कसे म्हणून घेतले?"

"नवे म्हणून."

"नवेच हायत. कुणी वापरलेच नाय. नऊ वर्षं."

त्यानं टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. तिथं चार आकडे होते. 2316. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दोन हजार सोळाचा तेविसावा आठवडा. मी हिशेब लावला. त्याच आठवड्यात माझा दहावीचा निकाल लागला होता. म्हणजे मी आणि हे टायर एकाच वेळी बाजारात आलो होतो, आणि आमच्यापैकी कुणालाच नऊ वर्षं कुणी उचललं नव्हतं.

"पण वापरलेच नाहीत ना?" मी म्हणालो.

"रबर बसल्या बसल्या बी म्हातारं व्हतं. हे पाहा." सांडूनं अंगठ्याचं नख रबरात दाबलं. मऊ रबरात नख रुततं, खूण राहते. खूण राहिली नाही. "हे आता चिकटत नसतं भाऊ. यानं कोपऱ्यावर दगा दिला तर सांगून देणार नाय."

दुसरे टायर रविवारपर्यंत मिळणार नव्हते. भावाला सांगितलं तर भाऊ शर्यतीत उतरणार नाही. वर्षभर रोज सकाळी दारामागं रबरी पट्टा बांधून त्यानं त्या डाव्या हाताचा व्यायाम केलाय, या एका रविवारसाठी. आणि सांगायला लागणार कुणाला? मलाच. पुन्हा मलाच.

"आकडे आतल्या बाजूला घे," मी सांडूला म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला. बाहेरून दिसायला नको."

सांडूनं माझ्याकडे पाहिलं. कान खाजवला. "आकडे आत घेतल्यानं ते तरणे व्हणार नायत."

"तू घे."

त्यानं घेतले. मी ठरवलं, संध्याकाळी भावाला शांतपणे सांगू. मी लई गोष्टी ठरवतो.

दुपारनंतर आम्ही दोघं गाडीवर चिकटवायचे आकडे आणायला मोटरसायकलवर औरंगपुऱ्यात गेलो. भावाचा नंबर पंचावन्न. दुकानात पाच एकच शिल्लक होता, म्हणून एक पाच आणि एक इंग्रजी एस घेतला. जाताना सांगायचं होतं, पण गर्दी होती. येताना सांगायचं होतं, पण भाऊ शीळ घालत होता. शीळ घालणाऱ्या माणसाला मागे बसून असं काही सांगता येत नाही.

दिवेलागणीला घरी पोचलो तर शेडमधून गोड वास येत होता.

आबा पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. शेजारी पितळी वाटी. वाटीत तूप आणि हळद. आबा दोन्ही हातांनी टायर चोळत होते. वरून खाली, खालून वर, अंगठ्यानं खाचांमध्ये जिरवत. तीन टायर झाले होते. ते पिवळेधमक चमकत होते. आई पदर डोक्यावर घेऊन आरतीचं ताट धरून उभी होती.

आबा टायरला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

हे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना म्हणतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, म्हणून त्या दिवशी तूप-हळदीनं तो मळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. दोन वर्षांत आबांच्या हाताखाली स्वतःचं असं काही जनावर आलं नव्हतं. घरात ओझं वाहणारी एकच गोष्ट उरली होती, आणि तिला चार पाय होते.

कडूभाऊच्या हातातून एस खाली पडला.

"आबा, हे काय?"

"खांदमळणी."

"गाडीला खांदा कुठंय?"

"जो वज्जं वाहतो त्याला खांदा असतो," आबा म्हणाले आणि चौथ्या टायरकडे सरकले.

"हात लावू नका!" भाऊ एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या द्वारकाबाईंनी टीव्ही बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. "उद्या शर्यत हाय आबा! हे टायर चिकटायला पाह्यजेत, चिकटायला! तुम्ही तूप चोळलं! तूप!"

"गाईचं हाय," आई म्हणाली. तिला वाटलं, तक्रार तुपाच्या दर्जाबद्दल आहे.

भाऊ माझ्याकडे वळला. "त्रिंबक, निघंल का हे?"

आणि मला एकदम दार उघडं दिसलं. टायर गेले. तुपानं गेले. भाऊ उतरणार नाही, खांब तिथंच उभा राहील, खांदा इथंच राहील. 2316 हा आकडा कुणाला कधी कळणार नाही. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"नाय भाऊ," मी म्हणालो. "रबर तूप पितं. गेले हे टायर."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. बाजारात विकणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत गिऱ्हाईक पाहतं, तेवढाच वेळ.

भाऊ आबांना म्हणाला, "बैल दिले तवाच डोकं बी दिलं का तुम्ही त्यांच्यासंगं?"

"कडूबा!" आई म्हणाली.

आबांनी हाताचं तूप डोक्याला पुसलं, वाटी उचलली, घरात गेले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. आईनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक न मारता तिनं ताट झाकून ठेवलं.

माझं काम तिथं संपायला हवं होतं. पण माझा भाऊ दोष काढण्याचा पगार घेतो. दहा मिनिटं तो पायरीवर बसला, मग उठला, बादली आणली, भांडी घासायचा साबण आणला आणि पहिल्या चाकापाशी बसला.

"नवे टायर हायत," तो म्हणाला. "तूप पिऊन पिऊन किती पिणार? वरचा थर दोन चकरात निघून जाईल. आतलं रबर तर ताजं हाय ना?"

त्यानं मान वर करून विचारलं. मागच्या वर्षी काचेतून विचारलं होतं तसंच.

"हाय," मी म्हणालो.

आणि दुसरी घासणी घेऊन त्याच्या शेजारी बसलो. डाव्या हातानं घासताना तो दर थोड्या वेळानं थांबत होता, खांदा गोल फिरवून बघत होता, पुन्हा घासत होता. मी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला, तेव्हा बोटांना ते चार आकडे लागले. मी तेही स्वच्छ घासले.

सकाळी उठून पाहिलं तर पाच कुत्री टायर चाटत होती. साबणानं जे राहिलं होतं ते उस्मानपुऱ्यानं पूर्ण केलं.

गाडीची मागची सीट आम्ही वजन कमी करायला काढून टाकली होती. तिथं आबा बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी, उघड्या पत्र्यावर उकिडवे.

"आबा, तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"तुम्ही कुठं?"

"आम्ही शर्यतीला."

"मंग मी बी."

भाऊनं गाडी सुरू केली. रात्रीच्या बोलण्याची त्याला लाज वाटत होती आणि लाज वाटली की तो गाडी जोरात चालवतो. शेंद्र्याच्या बाजूला जाईपर्यंत आबा मागे काठीसकट इकडून तिकडे सरकत होते. एक कुत्रं सिडकोपर्यंत मागे आलं. ते फार आशावादी होतं.

पार्किंग तेच होतं. मधोमध खांब. पिवळा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण तो माझ्याकडे पाहत होता.

स्पर्धेचे मालक, घड्याळवाले आणि वडापाववाले हे तिन्ही नानासाहेब एकटेच होते. त्यांनी कर्ण्यातून पुकारलं, "पचपन नंबर, लाइन पे!" मग आमच्या दारावरचं वाचून, "फाइव्ह एस, जो भी है!"

भाऊ आत बसला. मी त्याचे पट्टे आवळले. डाव्या खांद्यावरचा पट्टा आवळताना तो जरा आकसला.

"जास्त झालं का?"

"नाय. राहू दे. घट्टच पाह्यजे." मग हेल्मेटमधून त्याचे डोळे हसले. "या बारीला टायर हायत ना. घाबरत नाय मी."

मी दार लावलं. लावायला नको होतं. इंजिन गरजलं. आणि आबा चालत चालत गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले.

भाऊनं हॉर्न दिला. आबांनी काठी टेकवली.

"आज पोळा हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "आज जुपायचं नाय."

लोक हसायला लागले. कुणी व्हिडिओ काढायला लागलं. नानासाहेब कर्ण्यातून म्हणाले, "ओ फाइव्ह एस, अब्बा को हटाओ भाई! मैं घडी लेके खडा हूँ!" मग हळू आवाजात, पण कर्णा चालूच होता, "हॅपी पोळा हां, चाचा."

मला आबांना हलवायला जावं लागलं. मी त्यांचा हात धरला. हाताला अजून तुपाचा वास होता.

"आबा, चला. सगळे पाहायलेत."

आबा हलले नाहीत. फक्त आवाज खाली आणला.

"त्रिंबका, काल मळताना हाताला म्हातारे लागले रे ते."

मी त्यांचा हात सोडला.

"नवं म्हन्ता तुम्ही. पन चाळीस वर्सं मळलंय मी. तरण्या खांद्यात बोट बसतं. हे दगडावानी. म्हनून दोन-दोनदा तूप घातलं. पितच नव्हते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन तू म्हन्ला, रबर तूप पितं."

"आबा..."

"रातभर वाट पाह्यली तुझी. म्हन्लं, उठंल आन सांगंल. आता भावाला तू सांगतो का मी सांगू?"

मागे हॉर्न पुन्हा वाजला. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एकही विनोद आला नाही. हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

मी गाडीपाशी गेलो आणि दार उघडलं.

"भाऊ, उतर."

"आबाला हलव आधी."

"आबाचं नाय. टायरची आतली बाजू पाहा."

"काय हाय आत?"

"पाहा ना."

भावानं पट्टे सोडले, हेल्मेट काढलं, मोबाइलची बत्ती लावली आणि गाडीखाली आडवा झाला. फक्त पाय बाहेर दिसत होते. पहिल्या चाकापाशी तो थोडाच वेळ होता. मग दुसऱ्या. मग मागची दोन्ही. दोष सापडल्यावरही उरलेला माल तपासायचा, अशी त्यांच्या कंपनीत पद्धत आहे.

बाहेर येऊन तो उजव्या हातावर उठून बसला. अंगावरची धूळ झटकली नाही.

"कधी कळलं?"

"काल सकाळी. सांडूकडं."

"आकडे आत..."

"मीच घ्यायला लावले."

"मंग रात्री मी आबाला बोललो, तवा?"

"तवा बी माहीत होतं."

"आन मी विचारलं, ताजं हाय का?"

"तवा बी."

तो मारील असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी वाट पाहत होतो. तो उठला, माझ्या अंगाला हात न लावता बाजूनं गेला आणि आबांसमोर उभा राहिला. दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही, कारण नानासाहेब कर्ण्यातून विचारत होते की घड्याळ चालू करू का वडापाव आणू. मग भाऊनं आबांना हाताला धरून आणलं आणि पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर बसवलं. मागे मी मावलो असतो. त्यानं मागे पाहिलं नाही.

झेन तीसच्या वेगानं फाटकातून बाहेर गेली. वळणावर तर त्याहून हळू.

नानासाहेबांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेले दोन वडापाव ठेवले. "तुम्हारी टीम के," ते म्हणाले. मी ते घेऊन दोन रिक्षा बदलत घरी आलो. सिडकोच्या चौकात सकाळचं कुत्रं अजून थांबलं होतं. एक त्याला दिला.

घरात पुरणाचा वास होता. भाऊ सदरा काढून पाटावर बसला होता, पाठ दाराकडे. डाव्या खांद्यावरची शिवण उभी, गुलाबी. आबा त्याच्या मागे बसून तूप-हळद चोळत होते. वरून खाली, खालून वर. आई दारातून सरकली आणि मला आत वाट दिली.

आबांनी मान न वळवता सांगितलं, "वाटी धर."

मी बसलो आणि वाटी धरली. भावाला कळलं मी आलोय, कारण आबांच्या बोटांखालचा खांदा आवळला. मलाही दिसला आवळताना.

"सैल सोड रे," आबा म्हणाले.

"सोडलाय," भाऊ म्हणाला.

सोडला नव्हता. आबा चोळत राहिले. दोनदा, तीनदा. बोट बसत नव्हतं.

"आन इकडं," आबा म्हणाले, आणि मी वाटी पुढे केली.